हरेश्वरचं ताट

तारापूरच्या कारखान्यांमध्ये मी सुरक्षिततेवर पथनाटकं करते. हेल्मेट घाला, टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासा, चालू यंत्रात हात घालू नका. प्रयोगाआधी कारखान्याचा कुणी अधिकारी कामगारांना माझी ओळख करून देतो आणि हातातल्या कागदावरून हमखास एक वाक्य वाचतो, “उज्ज्वला मॅडम ने विदेश जाकर वहाँ के युवाओं को नाटक सिखाया है.” पाळी संपवून आलेले कामगार भुकेले असतात, तरी टाळ्या वाजवतात. वाक्य खरं आहे. आयर्लंडमधल्या एका छोट्या बंदराच्या गावी मी तीन महिने स्वयंसेवक म्हणून राहिले आणि तिथल्या पंधरा-वीस पोरापोरींबरोबर नाटक केलं. कागदावर नसलेली गोष्ट एवढीच, की तिथे आम्ही दोघी जाणार होतो. दुसरी नवापूरची जयवंती. ती आली नाही, ते माझ्यामुळे. या प्रकरणात तेच लिहायचं आहे.

आम्ही सालवडला राहायचो. वडील सांगलीकडचे, इथे एका कारखान्यात बॉयलरवर. दोन खोल्या, वर पत्रा, सहा घरांत एक नळ. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. भोंगा झाला की दिवस सरकायचा. सकाळच्या भोंग्याला आईची भाकरी तव्यावर असायची, दुपारच्या भोंग्याला वडिलांचा डबा बांधून तयार असायचा. वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात शिरायचा. आम्ही भावंडं वासांना रंग देत असू. आज पिवळा वास आहे, आज जांभळा आहे. जांभळ्या दिवशी डोळे चुरचुरायचे. शेजारी गोरखपूरकडची एक चाची राहायची. आई भाकरी थापायला बसली की ती भिंतीपलीकडून ओरडायची, “भाभी, रोटी बना रही हो या बच्चों को पीट रही हो?” आई म्हणायची, “दोन्ही. तुमको क्या भेजूं?”

आमच्याकडे मटण चालायचं, मासळीचं मात्र आईला वावडं होतं. ते मोडलं जयवंतीच्या आईनं. तिचं नाव पद्मा. आम्ही तिला मावशी म्हणायचो. डोक्यावर टोपली घेऊन ती आठवड्यातून तीनदा नवापूरहून सालवडला यायची. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की भोंग्यानं ऐकत राहावं. पहिल्यांदा आईनं तिला दारातूनच घालवली होती. दुसऱ्यांदा मावशी विचारल्याशिवाय उंबऱ्यावर बसली.

“मासळी नको म्हटलं ना बाई.”

“नको तं नको. पानी तं देशील? का घाटावर पानीपन इकत मिलते?”

आईनं पाणी दिलं. मग चहा दिला. महिनाभरानं सुके बोंबील घेतले, आणि ते घेताना, “एवढ्याशा बोंबलाला एवढे पैसे? सोन्याचं पाणी चढवलंय का?” असा हिशेब मांडला. मावशीनं टोपलीतले चार बोंबील उचलून आईच्या मांडीवर टाकले. “घे फुकट. खाल्ल्यावर बोल.” आईनं ते कांद्यावर परतले, आणि त्या दिवशी वडिलांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पुढे मावशी आली नाही तर आईलाच चुकल्यासारखं व्हायचं. जयवंती, म्हणजे आमची जयू, माझ्याच वर्गात असल्याचं या चहावरच्या गप्पांतून कळलं. तोवर आम्ही दोघी एकाच वर्गात बसून एकमेकींशी बोलत नव्हतो. ती मागच्या बाकावर डबा लपवून जेवायची, कारण डबा उघडला की पोरी नाकं दाबायच्या. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सुक्या बोंबलाचा वास माझ्या घरचाच झाला होता, मी त्याला कुठलाही रंग दिला नव्हता.

जयूचे वडील, हरेश्वर, गुजरातकडच्या बोटीवर खलाशी होते. हंगाम सुरू झाला की जायचे आणि मे महिन्यात परत यायचे. आम्ही कॉलेजात गेलो त्या वर्षी ते आले नाहीत. त्या एकाच आठवड्यात एक बोट वादळात बुडाली होती आणि दोन बोटी हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशानं पकडून नेल्या होत्या. हरेश्वरनं निघायच्या आदल्या दिवशी बंदरातच बोट बदलली होती, खलाशी बदलतात तशी. कुठल्या बोटीवर चढला, ते कुणाला छातीवर हात ठेवून सांगता येईना. म्हणजे माणूस एकतर तळाशी होता, नाहीतर तुरुंगात. तुरुंगातून माणसं परत येतात. दोन-तीन वर्षांनी, कधी पाच वर्षांनी, पण येतात. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी, अशी ती आलेली नवापूरनं पाहिली होती. अधूनमधून सुटणाऱ्यांची यादी पालघरच्या सरकारी कचेरीत यायची. यादी आल्याचं कळलं की मावशी मासळीचा धंदा बंद ठेवून पालघरला जायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून जयू जायची, आणि जयूसोबत मी. आम्ही बोट ठेवून एकेक नाव वाचायचो. नाव नसायचं. मावशी म्हणायची, “पुडच्या यादीत येल.” मग आम्हाला स्टँडवर उसाचा रस पाजायची आणि परतीच्या एसटीत झोपायची.

माझं त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं तेव्हा ते ताट पाहिलं. स्टीलचं, खोलगट, काठावर नाव घातलेलं, ‘हरेश्वर’. संध्याकाळी चुलीवरचं उतरलं की मावशी पहिलं ते ताट वाढायची. भात, कालवण, एक तुकडा. वर दुसरं ताट झाकायचं आणि मांडणीखाली ठेवायचं. सगळे जेवले की ते ताट जयूनं खायचं. “बापाचं पोरीनं खाल्लं तं घरातच राह्यलं,” मावशी म्हणायची. एकदा मी सहज म्हटलं, राहिलेलं बाहेर टाकू का? मावशीनं माझा हात धरला. दुखेल इतका धरला. “बाहेर नाय. कावल्यानं तोंड लावलं का मानूस संपला.” मासळीच्या गावात कावळ्यांना तोटा नसतो. वाळत घातलेल्या बोंबलांवर, होड्यांच्या काठावर, कौलांवर, सगळीकडे तेच. मावशीच्या दाराशी एक वेळूची काठी कायम टेकवलेली असायची. ती फक्त कावळ्यांसाठी होती. दोन वर्षं त्या बाईनं त्या ताटाला कावळा शिवू दिला नाही. दहाव्याला घाटावर कावळा शिवावा म्हणून माणसं हात जोडून तास तास उभी राहतात. ही एकटी उलट्या बाजूनं लढत होती.

रूथ आली ती या दोन वर्षांच्या शेवटाला. चाळिशीची, उंच, उन्हानं लगेच लाल होणारी बाई. परदेशातल्या तरुणांबरोबर नाटक करायला ती दरवर्षी आपल्या खर्चानं कुठे ना कुठे जायची. आमच्या कॉलेजातल्या एका सरांच्या ओळखीतून ती बोईसरला पोचली आणि तिनं नवापूर निवडलं, कारण तीही मच्छीमारांच्या गावची होती. शाळेची एक खोली मिळाली. चौदा पोरं-पोरी जमली, आणि मला बरं इंग्रजी येत होतं म्हणून दुभाषी मी. पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं खिडकीतून डोकावून विचारलं, “ही गोरी बाय काय शिकवते?” मी म्हटलं, नाटक. “आनि पगार कोन देते?” कुणी नाही. म्हातारी बराच वेळ रूथकडे बघत राहिली. “मंग घरात भांडन झालं असल,” म्हणाली आणि गेली. हे मी रूथला सांगितलं. रूथ खो खो हसली आणि म्हणाली, तिला सांग, थोडंसं खरं आहे.

रूथचं काम करायचं एक तंत्र होतं. संहिता नाही, राजा-राणी नाही. घरून एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. त्यातूनच नाटक उभं करायचं. आणि खोट्याला जागा नाही. पाणी प्यायचं तर खरं पाणी, जेवायचं तर खरं अन्न. कुणी फाटकं जाळं आणलं, कुणी बहिणीची पाटी. जयूनं ताट आणलं. दुपारी आई धंद्यावर असताना आणायचं आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या आत मांडणीवर ठेवायचं. पहिल्यांदा ती ते पुढ्यात ठेवून बसली आणि आईसारखी वाढू लागली, नुसत्या हातानं, काही न बोलता. खोलीत कुणी हललं नाही. नाकं दाबणाऱ्या पोरींसमोर सगळी शाळा मान खाली घालून बसलेली ही पोरगी, आणि आता तिच्याकडून नजर हटत नव्हती. रूथनं त्याच आठवड्यात ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गावी पोरांचा असाच गट चालायचा होता. तिथे पाहुणे कलाकार म्हणून आम्ही दोघींनी तीन महिने यायचं. तिकीट त्यांचं, राहणं रूथच्या घरी. जयू अभिनयासाठी, मी भाषेसाठी. पासपोर्टचे फोटो काढायला आम्ही बोईसरला स्टुडिओत गेलो. जयूनं माझी ओढणी घेतली होती. फोटोवाला म्हणाला, हसू नका. आम्हाला हसू आवरेना, तीन फोटो फुकट गेले आणि त्यानं आम्हाला बाहेर काढायची धमकी दिली. मावशीला जयूनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जा. बापूस आला तं सांगन, पोर इमानात बसली.”

नाटकाला शेवट सापडत नव्हता. जयू ताट वाढते, झाकते, बसते. पुढे काय? रूथ रोज विचारायची, पुढे काय? प्रयोगाला दोन दिवस राहिले असताना मला सुचलं. मी रूथला इंग्रजीत सांगितलं, तिनं ताट उचलून बाहेर उघड्यावर ठेवावं आणि पाठ फिरवून बसावं. एवढंच. आमच्या माणसांना एक शब्दही सांगावा लागणार नाही. कावळ्याचं काय ते मी रूथला समजावून सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. खूप चांगला शेवट आहे, म्हणाली. मग डोळे उघडून माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “तिला विचार. हे करणं तिला झेपेल का, विचार. आणि तिच्या आईला यानं त्रास होईल का, तेही विचार. नीट विचार.”

जयू समोरच होती, ताट पुसत. मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, “रूथला शेवट सापडलाय. तू ताट बाहेर ठेवायचं आणि पाठ करून बसायचं. तिला लई आवडलंय. करशील ना?”

जयूनं ताट पुसून खाली ठेवलं. मग म्हणाली, “नाटकच हाय ना. आय तवा सालवडलाच असल. करते.”

मी रूथला सांगितलं, ती म्हणते, चालेल, घरचं काही नाही.

गेली कित्येक वर्षं मी या वाक्यांना वेगवेगळी कारणं लावून पाहिली आहेत. वेळ कमी होता. जयू हुशार होती, तिला कळत होतं. खरं कारण साधं आहे. तो शेवट माझा होता. माझ्या डोक्यातून निघालेली ती पहिली चांगली गोष्ट, आणि विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी भात माझ्याकडून होता. आई म्हणाली, “नाटकात भात कशाला?” मी म्हटलं, वाढायचा आहे. “कुणाला?” कुणाला नाही, खोटंच. आईनं डबा भरला, आणि उन्हात भात कोरडा पडेल म्हणून वर दही घातलं. दहीभात घेऊन मी नवापूरला गेले आणि तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. गर्दी जास्त जमली. शाळेची खोली पुरेना, तेव्हा रूथनं प्रयोग बाहेर घ्यायचा ठरवला, सुरूच्या झाडांखाली, होड्यांच्या अलीकडे. ऊन अजून होतं. पलीकडे बोंबील वाळत होते. सगळी तालीम आम्ही चार भिंतींत केली होती. उघड्यावर भात ठेवल्यावर मासळीच्या गावात काय होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हा चौदा-पंधरा जणांत ते कुणाला सुचलं नाही.

जयूनं ताट वाढलं. दही पाहून तिचा हात क्षणभर थांबला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चालू दे. तिनं झाकण ठेवलं, बसली, उठली, ताट उचलून मोकळ्या वाळूवर ठेवलं, झाकण काढलं आणि पाठ फिरवून बसली. ठरल्याप्रमाणे मनात दहा आकडे मोजायचे होते. मी मोजत होते. सहावर कावळा उतरला.

तो एकदा बाजूला उड्या मारत गेला, मान वाकडी करून पाहिलं, आणि ताटात चोच घातली. एक म्हातारी, तीच खिडकीतली, हळू म्हणाली, “शिवला.” तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. त्याचं पाहून दुसऱ्यानं जोडले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. बघता बघता सगळं गाव हात जोडून उभं राहिलं. नाटक बघायला आलेलं ते गाव राहिलंच नव्हतं. जयूची ताटाकडे पाठ होती. तिला हात जोडलेले दिसत होते, कावळा दिसत नव्हता. मग लोकांच्या मागे पाहून ती उभी राहिली, कारण मागे मावशी आली होती. त्या दिवशी मासळी लवकर खपली होती. घरी येऊन तिनं मांडणी पाहिली, ताट दिसेना, म्हणून ती ताट शोधत आली होती. डोक्यावर टोपली तशीच होती.

तिनं टोपली उतरवली. लोकांनी वाट दिली. ती चालत ताटापर्यंत गेली. मला वाटलं, हुसकेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, हुसक, मावशी, हुसक. ती ताटाजवळ वाळूत बसली, कावळ्यापासून हातभर, आणि त्याचं खाणं होईपर्यंत थांबली. दोन वर्षांची राखण तिनं तिथे सोडली. कावळा उडाला तेव्हा ती जयूला म्हणाली, “चल घरा.” ताट तिथेच राहिलं. ते मी उचललं. मी धुतलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात बांगड्या नव्हत्या. कपाळ कोरं होतं. हरेश्वरचे भाऊ जमले आणि राहिलेले विधी उरकले. माझी आई नवापूरला गेली, मावशीजवळ बसली आणि परत येऊन मला म्हणाली, “दही मी घातलं.” बस, इतकंच. त्यानंतर बरेच दिवस तिनं आमच्या घरी दहीभात केला नाही. जयूच्या काकांनी सांगितलं, बाप गेलाय, पोरीचं वर्षाच्या आत झालं पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. तीन वर्षं थांबायला घरात कमावता कोण होता? डहाणूच्या पलीकडचं एक स्थळ आलं. माणूस चांगला होता, बोटीवर होता. उन्हाळ्यातली तारीख धरली. रूथच्या गावचा गट त्याच उन्हाळ्यात होता.

निघायच्या आधी रूथ जयूकडे गेली. दुभाषी मीच. तिघी होड्यांजवळ वाळूत बसलो. रूथ रडत होती, जयू नाही. रूथ म्हणाली, “मी उज्ज्वलाला विचारायला सांगितलं होतं, तुला हे झेपेल का आणि आईला त्रास होईल का. तू हो म्हणालीस म्हणून मी केलं. पण मी तुझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारायला हवं होतं. मला माफ कर.”

हे वाक्य मला जयूला सांगायचं होतं. माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला.

जयू माझ्याकडे बघत राहिली. “असं इचारलं व्हतं तिनं?”

“हो.”

“आयचंपन?”

“हो.”

तिनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. रूथ थांबली होती. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि मी तिच्या घरी तीन महिने राहणार होते. जयूच्या एका वाक्यानं ते सगळं संपलं असतं. जयू म्हणाली, “तिला सांग, हो. इचारलं व्हतं. मीच चालल म्हनली. तिचा काय दोष नाय.” मी ते सांगितलं. जयू उठली, कपड्यांची वाळू झटकली आणि घरी गेली. त्या दिवसानंतर ती मैत्रीण म्हणून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. लग्नाला माझ्या आईला बोलावणं आलं, मला नाही. आई एकटी जाऊन आहेर करून आली.

मी आयर्लंडला गेले. जाऊ नये असं वाटलं होतं, पण गेले. तिकीट आलं होतं, आणि न जाऊन जयूचं लग्न मोडणार नव्हतं. गाव थंड होतं, भिंती दगडी, बंदरात होड्या आणि होड्यांवर पांढरे समुद्रपक्षी. आमच्या कावळ्यांइतकेच निर्लज्ज. सभागृहात पोरं जमायची. माझं बोईसरचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, त्यांचं मला, आणि आम्ही हातवारे करून पोट धरून हसायचो. नोरा नावाची सतरा वर्षांची मुलगी भावाची लोकरीची टोपी घेऊन आली. भाऊ वर्षापूर्वी बोटीवरून पडला होता. ती टोपी हातात घेऊन जे काही करत होती ते पाहून सगळे जवळ सरकले. मला लगेच त्याचा शेवट दिसला. रूथनं मला पुढे केलं. मी नोरासमोर खाली बसले आणि विचारलं, हे लोकांसमोर करणं तुला झेपेल का? तुझ्या आईला त्रास होईल का? नोरा म्हणाली, “हो, होईल. नको.” आणि टोपी खिशात घातली. आम्ही दुसरं काहीतरी केलं, थोडं बरं, थोडं कंटाळवाणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विचारायला किती वेळ लागला? दहा आकडे मोजून व्हायच्या आत झालं. त्या संध्याकाळी मी रूथच्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं, हिला सगळं सांगायचं. रूथनं माझ्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं आणि विचारलं, जयू कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. रूथ आता नाही. तिला ते कधीच कळलं नाही.

जयू आता बोईसरच्या मच्छी बाजारात बसते. नवरा गेल्यावर परत आली आणि मावशीची जागा घेतली. हातात मावशीसारखा जोर आहे, तराजू असा धरते की गिऱ्हाइकानं काटा बघायची हिंमत करू नये. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी समोर उभी राहिले. तिनं वर पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. “काय देऊ, ताई?” म्हणाली. मी अर्धा किलो बोंबील घेतले. तिनं सगळ्यांना घालते तसे दोन वर घातले. तेव्हापासून मी तिच्याकडूनच घेते आणि ती मला ताईच म्हणते. पिशवीतले ते दोन बोंबील मी घरी येऊन वेगळे काढते, मग माझं मलाच हसू येतं आणि सगळे एकत्र परतते.

राहिलं यादीचं. त्या प्रयोगानंतर मावशी पालघरला कधी गेली नाही. विधी झालेल्या माणसाचं नाव कोण शोधणार? मी आयर्लंडहून परतले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात नवी यादी आल्याचं कळलं. मी एसटीनं एकटी गेले. कचेरीत पंख्याखाली भिंतीवर तीन कागद लावले होते. मी बोट ठेवून एकेक नाव वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा. हरेश्वर नव्हता. आणि मला हायसं वाटलं. बाहेर येऊन रसाच्या गाडीपाशी मी एकटीनं दोन ग्लास रस प्यायले, इतकं हायसं वाटलं होतं. मावशीचं कोरं कपाळ, जयूचं लग्न, सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. माझी चूक तेवढीच राहणार होती, वाढणार नव्हती.

आता याद्या मोबाइलवर येतात. खलाशी सुटले की दोन्हीकडचे फोटो येतात, कापडी पिशव्या घेतलेली माणसं दिसतात, बायका धावतात. मावशी चार वर्षांपूर्वी गेली. हरेश्वर असेलच कुठे तर ऐंशीच्या पुढचा असेल. तरी मी यादी उघडते, चष्मा लावते आणि स्क्रीनवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचते. नाव नसतं. दर वेळी मला हायसं वाटतं. हे वाक्य मी इथे बदललेलं नाही.